बुडालेला धडा

"या क्लासचे सर फार कडक आहेत का हो?" जिना चढता चढता धापा टाकत तिने विचारलं.

खिडकीशी चहा पीत उभा असलेला तो उंच मुलगा जरा विचारात पडला. "चहा कडक पितात. बाकी... बिचारे साधे आहेत."

"हुश्श! मला कंप्युटरमधलं ओ की ठो कळत नाही. पहिल्याच दिवशी हाकललं तर बाबांना आयतंच कोलीत मिळेल."

दोन मिनिटांनी तोच मुलगा फळ्यासमोर उभा राहून "नमस्कार, मी तुमचा शिक्षक" म्हणाला, तेव्हा तिला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. तो मात्र काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने हजेरी घेत होता. लबाड!

तिच्या वडिलांचं पुस्तकबांधणीचं दुकान. हल्ली जुनी पुस्तकं शिवून घ्यायला येतं कोण? दुकानाची वेबसाइट करायची असं हिने घेतलं मनावर, आणि आठ रविवारांच्या या क्लासात नाव घातलं. कोड लिहायचा नव्हता. सॉफ्टवेअर तयार होतं. आपण मजकूर आणि फोटो द्यायचे, पानं तेच मांडून देतं. तरी बाईंच्या शंका संपेनात.

"सर, थीम बदलली तर मी लिहिलेलं सगळं जाईल?"

"तुम्ही पुस्तकाला नवा पुठ्ठा घातलात तर आतली पानं जातात?"

"माझ्या हातून? शक्यच नाही!"

"मग इथेही नाही जाणार," तो म्हणाला आणि हसला. आता त्या हसण्यात एवढं काय होतं ते तिलाच ठाऊक, पण थीम तिने त्या दिवशी पाच वेळा बदलली आणि पाचही वेळा त्याला बोलावलं.

तिच्या नखांत पुस्तकं चिकटवायची खळ वाळलेली असायची. तो शेजारी आला की ती हात टेबलाखाली घ्यायची.

"लपवता कशाला? दिवसभर राबलेले हात आहेत. माझे बघा, नुसते टाइप करतात." आणि पुढच्या रविवारी त्याने पाठ निखळलेला एक जाडजूड शब्दकोश तिच्यापुढे ठेवला. "आजोबांचा आहे. शिवाल?"

दोन दिवसांचं काम. तिने कोर्स संपेपर्यंत लांबवलं. तो दर रविवारी विचारायचा, "कुठवर आलं?" आणि ती म्हणायची, "अजून... दाबाखाली आहे." दोघांनाही घाई नव्हती.

त्याची एक रीत होती. कोर्स संपला की प्रत्येक विद्यार्थ्याच्या वेबसाइटवर पहिली कॉमेंट त्याची. सातव्या रविवारी नेमकी शाळेच्या ग्रंथालयाची दोनशे पुस्तकं दुकानात येऊन पडली आणि तिचा धडा बुडाला. एका धड्याने काय होतंय, असं तिला वाटलं.

कोर्स संपला. केक करणाऱ्या मावशींच्या साइटवर त्याची कॉमेंट आली. निवृत्त पोस्टमास्तरांच्या साइटवरही आली. हिच्या पानाखाली मात्र शुकशुकाट. ती सकाळी बघायची, दुपारी बघायची. एक आठवडा गेला, दोन गेले.

"काय गं, खळ करपली की!" दुकानात मदतीला असणारी आत्या ओरडली.

"लक्ष नव्हतं."

"ते दिसतंच आहे. कुठे होतं ते सांग."

काय सांगणार? तिला रडूच फुटलं. आवडला होता तो तिला, जीव जडला होता. आणि त्याला दोन ओळी लिहाव्याशा वाटू नयेत? त्याच तिरमिरीत तिने शब्दकोश ब्राउन कागदात गुंडाळला आणि क्लासच्या पत्त्यावर कुरिअरने पाठवून दिला. चिठ्ठीसुद्धा घातली नाही.

पुढच्या रविवारी सकाळी शाळेच्या ग्रंथपालबाई दुकानात आल्या. "तुमच्या साइटवर चांगलं चार ओळींचं कौतुक लिहिलं मी. दिसत का नाही? तुम्ही मंजूर केलं की दिसेल, असं काहीतरी आलं होतं."

मंजूर? कोणी? तिने साइट आतून उघडली. डाव्या बाजूला 'कॉमेंट्स' असं लिहिलेलं, त्यावर तिने आजवर कधी बोट ठेवलं नव्हतं. आत नऊ कॉमेंट्स ताटकळत होत्या. सर्वांत खाली, तीन आठवड्यांपूर्वीची, त्याची.

'तुम्ही मंजूर करेपर्यंत ही फक्त तुम्हालाच दिसेल, म्हणून धीर करतोय. शब्दकोश द्यायला स्वतः आलात, तर मनातलं विचारीन. कुरिअरने पाठवलात तर नकार समजेन. पुन्हा त्रास देणार नाही.'

"अगं बाई!" ती किंचाळलीच. "आत्या, दुकान बघ!"

क्लासात नवी बॅच बसली होती. ती दारात उभी राहिली, कपाळावर घाम, नखांत खळ. त्याच्या हातातला खडू थांबला.

"सर... सातवा धडा माझा बुडाला होता. कॉमेंट्सचा."

त्याने खडू फळ्याच्या कडेला ठेवला.

"कॉमेंट आत थांबून राहते हे मला माहीतच नव्हतं हो! आज सकाळी कळलं. शब्दकोश मी रागाने पाठवला. वाचून नाही."

"राग... कशाचा?"

"सगळ्यांना कॉमेंट, आणि मला नाही!"

वर्गात खसखस पिकली. त्याने टेबलाचा खण उघडून ब्राउन कागदातला गठ्ठा काढला. दोरासुद्धा सोडलेला नव्हता. "उघडायचा धीर झाला नाही," तो म्हणाला आणि गठ्ठा तिच्या हातात दिला.

तिने तो छातीशी धरला. मग सरळ दाराबाहेर गेली, वळली, आत आली आणि त्याच्यापुढे धरला. "घ्या. स्वतः आणलाय. विचारा आता."

"इथे? सगळ्यांसमोर?" त्याचे कान लाल झाले. "पाच मिनिटं सुट्टी देतो यांना."

"आम्हाला नको सुट्टी!" पहिल्या बाकावरच्या आजी म्हणाल्या.

तो हळूच पुढे झाला. "दर रविवारी... क्लास संपल्यावर... माझ्यासाठी थांबाल?"

तिने त्याच्याकडे वर बघितलं. हात या वेळी लपवले नाहीत.

"फक्त रविवारीच?"