तीन बोटं

हसू नका हं. खरं घडलंय हे. सिग्नेनं स्वतः सांगितलं मला, एका घरात राहतो आम्ही. आणि शेवटचं तर मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

गेला डिसेंबर. उत्तर नॉर्वेतलं आमचं बंदराचं गाव. सकाळचे अकरा वाजलेले, पण बाहेर मिट्ट काळोख. त्या महिन्यात सूर्य उगवतच नाही ना.

सिग्ने भूल देणारी डॉक्टर. ऑपरेशनआधी पेशंट तपासायची. तोंड उघडा, जीभ काढा, मान मागे. तोंडात तीन बोटं उभी मावली की बरं. श्वासाची नळी बहुतेक सहज जाते.

नाही मावली, तर धोका. भूल दिल्यावर श्वास तर थांबतोच... आणि नळी जाता जात नाही.

म्हणून तिथे नियमच आहे. नळी घालताना त्रास झाला की फाइलवर लाल शेरा मारायचा, पेशंटला कार्ड द्यायचं. पुढचा डॉक्टर सावध होतो.

तर त्या सकाळी ओडवार आला. म्हातारा कोळी, हर्नियावाला.

"तोंड उघडा बघू, ओडवार."

"परत? ए पोरी, तुम्ही एकमेकींशी बोलत नाही का गं? आत्ताच ती बाई तपासून गेली की!"

"कोण बाई?"

"निळ्या झग्यातली. तोंडातून शब्द नाही. पाच वेळा तोंड उघडायला लावलं मला! आणि बोटं कसली गार... मेलेल्या माशासारखी."

सिग्नेच्या हातातली बॅटरी खाली पडली.

पाच वेळा.

त्याच वर्षी मार्चमध्ये गुनवोर नावाच्या बाईला तिनं नळी घातली होती. पाचव्या प्रयत्नात. बाई वाचली. पण सिग्ने नवीन, लाज वाटली तिला. सगळे हसतील! तिनं लाल शेरा मारलाच नाही. कार्डही दिलं नाही. फाइलवर लिहिलं, 'सोपं. पहिल्याच प्रयत्नात.'

ऑगस्टमध्ये गुनवोरचं दुसऱ्या गावात ऑपरेशन झालं. तिथल्यांनी फाइल वाचली. विश्वास ठेवला.

गुनवोर टेबलावरून उठलीच नाही.

आणि आता, ओडवारसमोर उभी असताना, बाहेरून आवाज आला... शिट्टीसारखा.

घशात अडकलेला श्वास.

सिग्ने धावत बाहेर गेली. कुणी नाही. नुसती एक खुर्ची, बर्फासारखी गार.

त्या दुपारी तिनं गुनवोरची फाइल उघडली. खरं लिहायला. पण नोकरी जाईल... तिनं फाइल बंद केली.

बंद करताना कुणीतरी तिचा जबडा धरला. गार बोटांनी.

आता सिग्नेच्याच पित्ताशयात खडे झालेत. परवा तिच्याबरोबर काम करणाऱ्या यॉर्न डॉक्टरनं तिला तपासलं. तीन बोटं आरामात मावली.

"यॉर्न, घरी एकही बोट जात नाही रे! लाल शेरा मार, प्लीज."

"कारण काय लिहू? डॉक्टरीणबाई घाबरल्या?"

"आधी असं... एकदा झालंय."

"कुणाला? कधी?"

सिग्ने गप्प बसली. अहो, तेव्हासुद्धा गप्प!

आज दुपारी मी वॅफल केले, तपकिरी चीज घालून. तिचे आवडते. ती बारीक बारीक तुकडे करत होती. दातांच्या फटीतून एकेक आत ढकलत होती. जबडा उघडतच नव्हता.

मी म्हटलं, "सिग्ने, अजून सांग त्यांना. सगळं सांग."

तिनं तोंड उघडायला बघितलं. घशातून नुसती शिट्टी आली...

उद्या सकाळी आठला तिचं ऑपरेशन आहे.

फाइलवर लिहिलंय, 'सोपं.'