पोच न दिलेला निरोप

हे रचलेलं असतं, तर रात्रीचं रचलं असतं. पाऊस घातला असता, एखादं कुत्रं रडवलं असतं.

पण हे घडलं भर दुपारी. जून महिना, शनिवार, प्लोव्दिव्ह शहर. आणि तेही चेरीच्या झादुश्नित्साला... म्हणजे ज्या दिवशी सगळं गाव शिजवलेले गहू आणि चेरी घेऊन आपापल्या गेलेल्या माणसांना भेटायला दफनभूमीत जातं.

ज्यांचा विश्वास बसणार नाही त्यांनी झोर्नित्साला विचारावं. ती काही सांगणार नाही. पण विचारताना तिचा चेहरा बघावा.

झोर्नित्सा एका छोट्या कंपनीत प्रोग्रामर आहे. कंपनी शहरातल्या लिफ्टवर लक्ष ठेवते. कंपनीचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे आणि त्या इमारतीला लिफ्ट नाही. यावरचे सगळे विनोद करून झालेले आहेत.

काम असं. प्रत्येक लिफ्टमध्ये एक यंत्र असतं. दार लागलं की ते एक निरोप बांधतं... कुठला मजला, किती वजन, दार नीट लागलं का. हे सगळं शून्य आणि एकच्या गाठोड्यात घट्ट आवळून रांगेत ठेवतं. ऑफिसातला प्रोग्रॅम एकेक गाठोडं उचलतो, सोडतो, वाचतो आणि 'पोचलं' म्हणतो.

पोचलं म्हटलं की निरोप रांगेतून जातो.

म्हटलं नाही, तर तोच निरोप परत येतो... पुन्हा येतो... येतच राहतो.

आणखी एक. जागा वाचावी म्हणून गाठोड्यात नावं बांधत नाहीत. 'मजला' असं लिहून येत नाही. येतो तो पहिला खण. 'वजन' म्हणजे दुसरा. कुठल्या खणात काय, हे दोन्हीकडच्यांना पाठ असतं. म्हणून या धंद्यातली माणसं एक नियम सोवळ्यासारखा पाळतात. एखादा खण बंद झाला, तर त्याचा क्रमांक पुन्हा कुणाला द्यायचा नाही. कधीच नाही.

सातवा खण असाच बंद झाला होता. पूर्वी त्यात लिफ्टमधली माणसं मोजून यायची. पण तो कुत्र्यालाही माणूस धरायचा, आणि एका सोसायटीच्या अध्यक्षांना मात्र धरायचा नाही. तक्रारी आल्या. खण काढून टाकला.

आणि त्या शुक्रवारी कामेनने तो क्रमांक वापरला.

कामेन नवा आहे, हुशार आहे, आणि हुशार असल्याचं त्याच्या कानावर आलेलं आहे. त्याने सातव्या खणात बिघाड ठेवला. एक म्हणजे दार अडकलं. दोन म्हणजे दोर घसरला. दोन आलं की लिफ्ट जागच्या जागी कुलूपबंद, आणि मेकॅनिक बघून येईपर्यंत 'पोचलं' म्हणायचं नाही.

झोर्नित्साला हे शनिवारी कळलं. स्क्रीन लाल झाली तेव्हा.

सातवा खण... दोन.

पत्ता तिच्या वडिलांच्या इमारतीचा होता.

वडील, स्टोइमेन, आठव्या मजल्यावर एकटे राहतात. आई, रुमेना, फेब्रुवारीत गेली. तिच्या फोटोचं शोकपत्र अजून लिफ्टशेजारच्या भिंतीवर चिकटवलेलं आहे. दुपारी बापलेकीने मिळून तिच्या कबरीवर जायचं ठरलं होतं. वडील गव्हाचं पातेलं आणि चेरी घेऊन निघाले असणार. आणि त्यांच्या हृदयाचं मोठं ऑपरेशन होऊन अजून वर्ष झालेलं नव्हतं.

लिफ्ट पाचव्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये लटकली होती.

मेकॅनिकचा फोन बंद. तोही आपल्या आईकडेच गेला असणार, दफनभूमीत.

"हा तुझा खेळ असेल," ती कामेनला म्हणाली, "तर दिवस चुकीचा निवडलास."

कामेनने काहीच शेरा मारला नाही, तेव्हाच तिला भीती वाटली. त्याने बाकीच्या लिफ्ट तपासल्या. सगळ्यांचा सातवा खण रिकामा. फक्त ही एक. तिला तर वाटत होतं की हे दोन म्हणजे जुना हिशोब, दोन माणसं. पण कामेन म्हणाला, की या यंत्रात माणसं मोजायची सोयच उरलेली नाही, कधीच खरवडून काढलीय. म्हणजे दोन म्हणजे दोरच.

तिने वजनाचा खण पाहिला. एका माणसाचं वजन. वर पातेल्याचं, फार तर.

तिने लिफ्टमधला स्पीकर जोडला.

"ताते, बरा आहेस ना?"

"बरा काय. गहू गरम आहेत, मीही गरम आहे."

"आत अजून कोण आहे?"

नुसती खरखर... आणि खरखरीच्या मागे...

टक्.

टक्.

झोर्नित्साचा हात थांबला. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. रुमेना लिफ्टमध्ये शिरली की पर्स उघडायची, किल्ल्या आहेत का बघायची, पर्स मिटायची. जन्मभर. दर वेळी. टक्, टक्.

ती पर्स फेब्रुवारीत तिच्या शेजारी शवपेटीत ठेवली होती. झोर्नित्साने स्वतः.

माणूस अशा वेळी भुताआधी शेजारणीवर संशय घेतो. हिवाळ्यापासून वडिलांच्या स्वयंपाकघरात कॉफीचे दोन कप धुवून पालथे घातलेले असायचे. झोर्नित्सा बघायची. विचारायची नाही. सहाव्या मजल्यावरच्या पेन्काकाकू विधवा होत्या आणि त्यांना पर्सही होती.

"ताते, पेन्काकाकू आहेत का आत?"

"पेन्का? ती बाई पाहुण्याला साखर मोजून देते. तिच्याबरोबर मी जिनासुद्धा उतरणार नाही."

"मग कोण आहे?"

परत खरखर.

"मला काय विचारतेस," वडील शांतपणे म्हणाले. "तुझ्याकडे आकडा आलाय ना?"

तिने त्यांना आकड्याबद्दल काहीच सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात ते म्हणाले, "जरा खाली बसतो." त्यांचा श्वास स्पीकरवर मोठा झाला... आणि मग लहान.

आता दोनच गोष्टी शक्य होत्या. दोर खरंच घसरला असेल, तर लिफ्ट सोडली की बाप पाच मजले खाली. नसेल, तर न सोडल्याने बाप त्या डब्यात गुदमरणार. एकाच दोनचे दोन अर्थ, आणि मध्ये म्हातारा, मांडीवर पातेलं घेऊन.

"दोर ठीक आहे याची खात्री आहे तुला?" कामेनने विचारलं.

"नाही."

"मग?"

"दोर घसरला असता तर पर्स वाजली नसती."

कामेनला यातलं काही कळलं नाही. पण हुशार होता. गप्प बसला.

तिने कामेनचं वाचन काढलं. सातव्या खणाचं जुनं, माणसं मोजायचं वाचन परत बसवलं. तेच गाठोडं पुन्हा आलं, उघडलं.

वजन... एकाचं.

माणसं... दोन.

तिने 'पोचलं' दाबलं.

लिफ्ट हलली. चार... तीन... तळमजला. दार उघडलं. वडील बाहेर आले.

कामेन हसायला लागला आणि पाणी आणायला गेला. म्हणून पुढचा निरोप एकट्या झोर्नित्सानेच पाहिला.

दार बंद. मजला आठ.

वजन शून्य.

माणसं... एक.

तिने वडिलांना फोन लावला. ते खाली बाकावर बसले होते.

"लवकर ये," ते म्हणाले. "चेरी कमी पडणार आहेत."

"कमी आणल्यास का?"

"निघताना पुरेशा होत्या."

ती जिना उतरायला लागली.

सोमवारी कामेनने स्वतः सातवा क्रमांक परत बंद करून टाकला. पण तो शेवटचा निरोप झोर्नित्साने वेगळ्या रांगेत लपवला. त्याला पोच दिली नाही. पोच दिली की तो जाईल, एवढंच तिला ठाऊक होतं. म्हणून तो परत परत यायचा, आणि ती परत परत उघडायची. शून्य. एक. आठ. एकदा बांधलेलं गाठोडं बदलत नाही. बदलूच शकत नाही, म्हणून तर ते बांधायचं.

आज दुपारी तिने ते पुन्हा उघडलं. तेच गाठोडं, तीच खूण.

वजन शून्य. माणसं एक.

मजला... तीन.

ती आकड्याकडे बघत असतानाच ऑफिसबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये काहीतरी सरकलं. दोन पल्ले, हळूच उघडल्यासारखे...

"लिफ्ट आली वाटतं कुणाची," कामेन मान वर न करता म्हणाला.

मग त्याने मान वर केली. त्यालाही आठवलं.

त्या इमारतीला लिफ्ट नाही.

टक्.

टक्.

झोर्नित्साचं बोट 'पोचलं'वर आहे. हे लिहीपर्यंत तरी तिने ते दाबलेलं नाही.