डावा ब्रॅकेट

धप्पकन टेबलावर लोखंड आपटलं, आणि रुचिराच्या हातातला चहा की-बोर्डवर सांडता सांडता राहिला.

"मॅडम, ह्यो तुमचाच ना?"

समोर एक उंच, सावळा तरुण उभा होता. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, भुवईवर लोखंडाचा बारीक चुरा.

"कोण? ब्रॅकेट?"

"मंग काय, मी?"

हसायचं नाही असं ठरवूनही रुचिराला हसू आलं.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालच्या एप्रिलमधली. नवीन पनवेलला देवधर साहेबांचं छोटंसं डिझाइन ऑफिस होतं. सहा महिन्यांपूर्वी तिथे थ्रीडी सॉफ्टवेअर आलं होतं आणि ते चालवता यायचं एकट्या रुचिराला. डिप्लोमानंतरची ही तिची पहिलीच नोकरी. न्हावा शेवा बंदरात कंटेनर उचलणाऱ्या यंत्राचे ब्रॅकेट तिने काढले होते. ते बनवले कोन गावच्या महादेवशेठच्या वर्कशॉपने. हा तिथला मशीनवरचा कारागीर. निकेश, राहणारा विचुंब्याचा.

"डावा पायजे होता, उजवा झालाय. बारा नग. एकबी बसत नाय."

"म्हणजे तुम्ही ड्रॉइंग उलटं वाचलंत."

"मी आंधळा नाय, मॅडम." तो शांतपणे म्हणाला. "तुमी बघा. मी थांबतो."

रुचिराने फाइल उघडली, ब्रॅकेट फिरवला. तो खुर्चीमागून वाकून बघू लागला. मशीनच्या तेलाचा वास… आणि कानाशी त्याचा श्वास.

"आयला, ह्ये फिरतं पन!"

तिचं मात्र तिकडे लक्ष नव्हतं. तिला चूक दिसली होती. तिरक्या पट्टीवरची भोकं तिने पुढून काढली, असं तिला वाटलं होतं. पण ज्या पातळीवर ती काढली, ते स्केचचं प्लेन पाठीमागे तोंड करून बसलं होतं. मागून काढलेलं डावं, पुढून उजवं झालं होतं!

"मी… बघते. उद्या सांगते."

निकेशने स्क्रीनकडे नाही, तिच्याकडे पाहिलं. क्षणभर जास्तच. "बरं," म्हणाला आणि गेला.

तिने प्लेनचा बाण उलटा केला. भोकं टुणकन दुसऱ्या बाजूला गेली, पण त्यांच्या आधाराने काढलेली मजबुतीची फासळी हवेत लोंबकळली आणि स्क्रीनच्या कडेची भागांची अर्धी यादी चुकांनी लाल झाली. मग आडवी धार कुठली, वर कुठे, सगळं सॉफ्टवेअरला नव्याने सांगत बसावं लागलं. संध्याकाळी ब्रॅकेट एकदाचा डावा झाला. प्रिंट घेऊन ती साहेबांकडे गेली, चूक सांगायलाच. पण उलट्या ब्रॅकेटची तक्रार साहेबांच्या कानावर आधीच आली होती; त्यांनी तो दुरुस्त केलेला कागद पाहिला आणि थेट फोनच उचलला.

"महादेवशेठ, आमचं ड्रॉइंग बरोबर आहे. चूक तुमच्या माणसाची."

रुचिराने त्यांना थांबवलं नाही. ती तशीच उभी राहिली.

पुढचे दोन दिवस तिला काही सुचेना. जिन्यात पाऊल वाजलं की मान वर… तो नसायचा. फाइल उघडायची, ब्रॅकेट फिरवायची, बंद करायची. डबा तसाच घरी जायचा.

तिसऱ्या दिवशी साहेब सहज म्हणाले, "त्या मुलाला काढलं म्हणे शेठने. आज शेवटचा दिवस."

ती ताडकन उठली. "सर, चूक माझी होती."

तिने सगळं सांगितलं.

"मी फोन केला तेव्हा तू समोर उभी होतीस, रुचिरा."

"हो सर."

"यापुढे तुझं एकही ड्रॉइंग मी तपासल्याशिवाय बाहेर जाणार नाही. आणि शेठला फोन…"

"फोन नको. मी स्वतः जाऊन सांगते."

कोनला एक्स्प्रेस वेचं काम चालू होतं. डंपरच्या धुळीतून रिक्षा वर्कशॉपपाशी थांबली. महादेवशेठने तिचं ऐकून घेतलं, टोपी काढून डोकं खाजवलं आणि ओरडले, "निक्या, सोमवारी ये रं कामाव! पोरीची चूक व्हती!"

निकेश बाहेरच्या कट्ट्यावर आपली हत्यारं पिशवीत भरत होता. पिशवीतून एक घडी घातलेला कागद डोकावत होता. तिने तो ओळखला. तिचीच जुनी प्रिंट, उलट्या भोकांची.

"हे तुमच्याकडे होतं?"

"पैल्या दिवसापासून."

"मग शेठना दाखवलं का नाही?"

"तुमी बघते म्हनालात ना. मी वाट बघत व्हतो."

"आणि मी आलेच नसते तर?"

"राग आला असता." तो हसला. "आलाच व्हता. दोन दिस जेवलो नाय नीट."

"मीसुद्धा…" तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "मला वाटलं, चूक मनाला खातेय. सांगून टाकलं की सुटेन. साहेबांना सांगितलं, रिक्षात बसले… तरी चैन नाही."

"शेठला सांगून झालं ना आता?"

"झालं."

"मंग?"

"मग काय… अजूनही नाही!"

तो हातातला पाना तसाच धरून तिच्याकडे बघत राहिला. मग काहीतरी बोलला. नेमका तेव्हाच डंपर खडखडत आला.

"काय? ऐकू नाही आलं!"

निकेशने तोंडाभोवती हात धरले आणि जीव खाऊन ओरडला. तोवर डंपर पुढे गेला होता, आत लेथ मशीनही थांबलं होतं. त्या शांततेत त्याचा आवाज खणखणीत घुमला —

"तुमी मला लई आवडता!"

शेठ खिडकीतून डोकावले. चहाच्या टपरीवरच्या गुणाबाईने गाळणी हवेतच धरली. निकेश कानापर्यंत लाल झाला.

"आता… आता ऐकू आलं का?"

"आलं," रुचिरा म्हणाली. डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू, दोन्ही एकदमच आलं. "मला आलं, आणि अख्ख्या कोनला आलं."

मग ती सरळ जाऊन कट्ट्यावर त्याच्या शेजारी बसली.