रविवारची गाडी

फोन खाली ठेवला तरी ल्युसेतचा हात त्याच्यावरून उठेना... समोर जेवणाच्या टेबलावर फ्रान्सचा नकाशा पसरलेला होता आणि महिनाभर तिनं लाल पेन्सिलीनं जपून आखलेली वाट नव्हेरच्या तिच्या घरापासून विशी, इसुआर, ल प्युई अशी डोंगरांतून वळणं घेत आईच्या गावाला, मोंत्रोलाकला जाऊन थांबली होती. दाराशी भरलेली बॅग, बॅगेवर नवे बूट. उद्या सकाळी निघायचं होतं.

गावच्या कचेरीतल्या त्या बाईच्या मनात काही वाईट नव्हतं बिचारीच्या. ती आपलं कामाचं बोलत होती. सोमवारी दहाला गवंडी कबरीवरचा दगड उचलेल, अस्थिकलश शेवटच्या खणात ठेवला जाईल, कबरीचा कागद तुमच्या नावावर आहे तेव्हा सही तेवढी तुमची लागेल, तुम्ही बरोबरच येताय असं भाऊ म्हणाले, ओळखपत्र विसरू नका...

ल्युसेतनं विचारलं होतं, "कोणाचा कलश?"

पलीकडची बाई अडखळली. "तुमच्या बहिणीचा, मादाम. सोलांज यांचा. जूनमध्ये वारल्या ना त्या?"

जूनमध्ये! आणि आता ऑक्टोबर सरत आला होता. चार महिने आपली धाकटी बहीण या जगात नव्हती आणि आपण प्रार्थनेत तिचं नाव जिवंतांच्या यादीत घेत होतो... रागारागानं का होईना, पण घेत होतो.

सप्टेंबरात रेमीचा, तिच्या भावाचा, ऑर्लेआँहून फोन आला तेव्हा ती किती हरखली होती! तो म्हणाला होता, "ताई, यंदा संतांच्या सणाला आईच्या कबरीवर शेवंती ठेवायला आपण दोघंच गाडीनं जाऊ. तीन दिवस. कुठं थांबायचं ते तू ठरव. तुला जे बघायचंय ते बघू." चौऱ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात तुला काय बघायचंय असं तिला कोणी विचारलं नव्हतं. त्या एका वाक्यावर ती महिनाभर तरंगत होती. इसुआरच्या देवळातले रंगवलेले खांब तिला बघायचे होते, ल प्युईच्या काळ्या मातेच्या मूर्तीपुढं मेणबत्ती लावायची होती. गाडी बिघडलीच तर म्हणून प्रत्येक मुक्कामापुढं तिनं रेल्वेच्या वेळासुद्धा लिहून ठेवल्या होत्या.

आणि ही सगळी माया, हे सगळं लाडीक बोलणं कशासाठी होतं? एका सहीसाठी.

एक सहल तिला पूर्वीही फसवून गेली होती. एक्केचाळीस वर्षांपूर्वी, असाच पानगळीचा महिना होता. आई अर्धांगानं खाटेवर. रेमी लष्करात. दोघी बहिणींनी पाळ्या ठरवल्या होत्या, तीन महिने तू, तीन महिने मी, कारण वसंतात ल्युसेतचं एतियेनशी लग्न व्हायचं होतं आणि त्याची बदली बोर्दोला झाली होती. सोलांज म्हणाली, माझे तीन महिने सुरू व्हायच्या आधी आठवडाभर मार्सेयला समुद्र बघून येते, रविवारच्या गाडीनं परतते. तो रविवार आलाच नाही. एतियेन दोन वर्षं थांबला, मग त्यानं दुसरीशी लग्न केलं. ल्युसेतनं एकोणीस वर्षं आईला भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं, आणि जाताना आईनं तिचा हात धरून सांगितलं, "तिसरा खण तुझा. तू माझ्याजवळ."

कबरीत तीन खण. एकात बाप, एकात आई. तिसरा तिचा... आयुष्यभराच्या सेवेचं एवढंच दान तिच्या पदरात होतं, आणि ज्या बहिणीनं तिचं सारं नेलं तीच आता त्या शेवटच्या खणातही आईच्या शेजारी जाऊन निजणार होती!

दुसऱ्या दिवशी सकाळी रेमी आला तो हातात गरम पावांची पिशवी घेऊन, हसत. ल्युसेतनं त्याच्यापुढं कॉफी ठेवली, सफरचंदाच्या केकचा तुकडा ठेवला, आणि समोर बसून विचारलं, "मला कुठं सांगणार होतास, रेमी? विशीला की इसुआरला?"

त्याच्या हातातला चमचा थांबला.

"इसुआरला," तो अखेर म्हणाला. "जेवण झाल्यावर."

"गोड खाऊन झाल्यावर? की आधी?"

रेमीची मान खाली गेली ती वर येईना. मग तो तुटक तुटक बोलू लागला. सोलांजचा पत्ता त्याच्याकडे वीस वर्षं होता. ती एका शाळेत मुलांना जेवण वाढायची, एकटी राहायची, लग्न तिनंही केलं नाही. रेमी म्हणाला, त्या रविवारी ती स्टेशनवर आली होती. गाडी लागली, दार उघडलं, आणि तिला आईची खोली दिसली, ती खाट, तो वास... पाय उचललाच गेला नाही. पुढच्या रविवारी ताईला तोंड दाखवायची लाज वाटली, आणि मग ती लाज वर्षावर्षाला वाढतच गेली.

"वीस वर्षं," ल्युसेत म्हणाली. "दर नाताळला माझ्या हातचं जेवलास, आणि तिचा पत्ता तुझ्या खिशात होता. तिनं एकदाच फसवलं रे मला. तू दर वर्षी."

"तिनं खण मागितला नव्हता, ताई. आईच्या गावी कुठंही ठेव, पण आधी ल्युसेतला विचार, असं म्हणाली. मलाच विचारायचा धीर झाला नाही. वाटलं, तुला आधी थोडं फिरवावं, खूश करावं..." त्याचे डोळे भरून आले. "शेवटचे दोन दिवस ती शुद्धीत नव्हती. झोपेत सारखं एकच म्हणायची. 'ल्युसेत, सरक ना जरा.'"

ल्युसेतला एकदम आठवलं...

मोंत्रोलाकचं आजीचं घर, माळ्यावरची एकच अरुंद खाट. सोलांजला एकटीनं निजायची भीती वाटे. बर्फासारखे पाय ती ल्युसेतच्या पोटऱ्यांना लावी, भिंतीकडं ढकली आणि म्हणे, सरक ना जरा. आणि ल्युसेत कुरकुरत, शिव्या देत, पण सरकायची. रोज सरकायची.

मग तिनं विचारलं, "कुठं आहे ती?"

"गाडीत."

"गाडीत कुठं?"

"...डिकीत."

"डिकीत ठेवलंस तिला? स्टेपनीशेजारी?" ल्युसेत ताडकन उठली. "आत आण. आधी आत आण तिला."

कलश राखाडी रंगाचा होता, दुधाच्या बरणीएवढा. तिनं तो टेबलावर नकाशाच्या मधोमध ठेवला, कितीतरी वेळ ॲप्रनच्या टोकानं पुसला, आणि मग मोंत्रोलाकच्या कचेरीला फोन लावला. त्या बाईला तिनं एवढंच विचारलं की एका खणात कलश किती मावतात.

"दोन सहज, मादाम. पण शवपेटी असेल तर मात्र ती एकटीच."

ल्युसेतनं डोळे मिटले. अखेरच्या दिवशी देव हाक मारील तेव्हा अखंड देहानं उठायचं, ही तिची आयुष्यभराची श्रद्धा होती, आणि अग्नीच्या नुसत्या कल्पनेनं तिच्या अंगावर काटा येई. पाद्रीबाबांनी कितीदा सांगितलं होतं की राखेतूनही देवाला माणूस ओळखता येतो. तिनं कधी ऐकलं नव्हतं.

"मग लिहून घ्या," ती म्हणाली. "दोघींची जागा. माझी वेळ आली की मीही राख होऊनच येईन. सोमवारी सही करते."

रेमी लहान मुलासारखा रडत होता. त्यानं तिचा हात धरायचा प्रयत्न केला. तिनं तो सोडवून घेतला, पण हळूच.

"तुझ्या गाडीनं मी येणार नाही," ती म्हणाली. "इतक्यात नाही. तू शेवंतीच्या कुंड्या घेऊन जा. दोन नाही, तीन. सोमवारी तिथं भेट. मग मंगळवारी ल प्युईला नेणार असशील तर बघू."

"आणि सोलांज?"

"ती रविवारच्या गाडीनं येणार होती. रविवारच्याच गाडीनं येईल."

रविवारी क्लेरमाँला गाडी बदलली तेव्हा डब्यात सणाची गर्दी होती, प्रत्येकाच्या मांडीवर शेवंतीची कुंडी. ल्युसेत खिडकीशी बसली होती, पायांत नवे बूट, शेजारच्या जागेवर लोकरीच्या शालीत गुंडाळलेली पिशवी. आलिए नदी कधी डावीकडं, कधी उजवीकडं येत होती आणि काठावरची झाडं पिवळीधमक पेटली होती. मनातला सल गेला नव्हता... एक्केचाळीस वर्षांचा सल एका रविवारात कुठून जाणार? पण त्याच्याशी आता भांडायला तरी कोणीतरी शेजारी होतं.

एक म्हातारे गृहस्थ कुंडी सावरत जवळ आले, टोपी काढून म्हणाले, "माफ करा, इथं कोणी आहे का?"

"माझी बहीण आहे," ल्युसेत म्हणाली. "पण बसा तुम्ही."

तिनं पिशवी उचलून मांडीवर घेतली, शालीचं टोक नीट खोचलं, आणि तिच्या कानाशी बोलावं तशी वाकून पुटपुटली,

"सरक गं जरा."