गोरिल्याच्या नळीतला ताप

सेवेरिनची नि माझी पहिली भेट गोरिल्याच्या लेंडीवर झाली. सांगायला काही फार शोभत नाही, पण झाली खरी. गोरिला रात्री पानांची गादी करून निजतो आणि सकाळी तिथेच घाण करून निघून जातो. ती नळीत भरून राजधानीला, याउंदेला पाठवायची, म्हणजे प्रयोगशाळेत त्यात मलेरियाचे जंतू शोधता येतात. हे माझं काम. मी काडी घेऊन वाकले, तर समोरून दुसरी काडी आली.

"आधी मी पाहिली," तो म्हणाला.

"तू वाटाड्या ना? मग वाट दाखव."

"दाखवली की. म्हणून तर इथवर पोचलात, डॉक्टरीणबाई."

मी डॉक्टरीण नव्हते, पण ते त्याला सांगितलं नाही. पुढे त्या डॉक्टरीणबाईंची नुसती बेर्तीय कधी झाली, कळलंही नाही.

कॅम्पचा एक नियम होता. ज्याला ताप, त्याला जंगल बंद; माणसाचं दुखणं गोरिल्यांना लागू नये म्हणून. पहाटे स्वयंपाकीण रोझिनमावशी चुलीपासून उठायची आणि एकेकाच्या कपाळाला हात लावायची. माझा करार संपत आला तसा सेवेरिन रोज ओल्या केसांनी यायला लागला. ओढ्यात डोकं बुडवून थेट रांगेत. पाणी मानेवरून शर्टात उतरायचं आणि तो माझ्याकडे बघून हसायचा.

"कुणासाठी एवढं नटणं?"

"गोरिल्यांसाठी. त्यांना स्वच्छ माणसं आवडतात."

मला वाटलं, माझ्यासाठीच. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. त्यातच एकदा माझे हातमोजे काट्यांत फाटले, तर त्याने आपले काढून दिले. आतून उबदार होते.

मग याउंदेहून फोन आला. एका नळीत माणसाचा मलेरिया सापडला होता. रानातल्या गोरिल्यात माणसाचा मलेरिया… आमचे प्राध्यापक बोलताना अडखळत होते. उद्या जाहीर करू, म्हणाले. हे खरं ठरलं तर राजधानीत माझी जागा पक्की. नाहीतर मी परत बेर्तुआला, आईच्या भज्यांच्या गाडीवर.

मी धावत जाऊन सेवेरिनला सांगितलं. तो पानात उकडलेल्या कसाव्याच्या कंदावरचं पान सोडवत होता. त्याचे हात थांबले.

"कुठली नळी?"

"ओढ्यापलीकडची. म्हाताऱ्या नराची."

"तुला मोजे दिले, त्या दिवशीची… बेर्तीय, मला काटा लागला होता. त्या नळीत माझं रक्त पडलं."

"पडलं तर पडलं. तुला कुठे मलेरिया—" मी बोलता बोलता थांबले. ओढा. ओले केस. "ताप होता तुला?"

"होता. आहे अजून."

"आणि मावशीच्या डोळ्यांत धूळ फेकत होतास?"

"सांगितलं असतं तर घरी पाठवलं असतं. मी खाटेवर आणि तू इथून निघून गेलेली… नको वाटलं."

"गाढवा, गोरिल्यांना काही झालं असतं म्हणजे? आणि आता तरी का सांगितलंस? गप्प बसला असतास तर मला नोकरी लागली असती."

"लागली असती. पण खोट्यावर."

मला राग आला, फार आला. त्याचं बोट जरा जोरातच टोचलं. तपासणीच्या पट्टीवर दोन रेषा उमटल्या, म्हणजे मलेरियाच. मग मी याउंदेला फोन लावला. प्राध्यापक म्हणाले, आधीच कळवलंस ते बरं झालं. जागेचं काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

बाहेर सेवेरिन बाकावर बसला होता. मी त्याला गोळ्या दिल्या. केस आज कोरडे होते. कपाळावर हात ठेवला. चांगलंच तापलं होतं.

"आता मला काही जंगलात घेणार नाहीत," डोळे मिटूनच तो म्हणाला. "तुझ्या आईच्या गाडीवर भांडी घासायला माणूस लागतो का?"

"ताप उतरला की ये."

चुलीपाशी रोझिनमावशी खोकली. "अगं बाई, ताप बघायला एवढा वेळ लागत नाही."

मी हात काढला नाही.