उतरलेलं दार

"मी येईपर्यंत आतून आवाज येत होता का?"

हे त्याने सगळ्यांना विचारलं. वहिनीला विचारलं, तिने मान फिरवली. अँब्युलन्सवाल्याला विचारलं, तो म्हणाला, आम्ही नंतर आलो. शेजारच्या शिंप्याला तीनदा विचारलं. शिंपी सुईत दोरा ओवत बसला, आणि चाळीस वर्षं सुई हातात असलेल्या माणसाला त्या दिवशी दोरा काही ओवता येईना.

ही गोष्ट तोच शिंपी सांगतो. दिवे गेले, मशीन थांबलं, की भाच्याची पोरं कापायच्या टेबलावर चढून बसतात आणि म्हातारा सुरू करतो. "माझ्या ओळखीतल्या एका पोराची आहे. खरी आहे. खोटी वाटली तर उठून जा, मी काही पाय धरणार नाही." कोणी उठत नाही. सांगताना तो स्वतःलाही 'शिंपी' म्हणतो, जणू तो कोणी दुसराच.

तर दोघे भाऊ होते. मोठा दादा, आणि हा धाकटा. काम एकच, यूपीव्हीसीच्या दारांची कुलपं आणि हँडलं दुरुस्त करायचं. ती पांढरी प्लास्टिकची दारं असतात ना, हँडल वर उचललं की दाराच्या कडेतून वर-खाली लोखंडी आकडे बाहेर येतात आणि चौकटीत जाऊन बसतात, ती. दादाला त्यातलं सगळं कळायचं. धाकट्याने सातवीत शाळा सोडलेली, डोकं गरम, हात मात्र चपळ. दादा म्हणायचा, "तुझा हात गाडीच्या पुढे धावतो आणि अक्कल मागून पायी येते."

दादाचा एक नियम होता. हँडल जड लागतंय अशी तक्रार आली, की आधी दार उघडं ठेवून हँडल उचलायचं. मग दार मिटून उचलायचं. उघड्या दारात हलकं आणि मिटल्यावर जड, म्हणजे कुलूप चांगलं आहे, दार उतरलंय. बिजागरीवर खाली बसलंय. अशा वेळी कुलपाला हात लावायचा नाही, दार वर घ्यायचं. नाहीतर नवं कुलूपही महिन्याभरात त्याच ओझ्याने मोडतं.

दादाच्या स्वतःच्या घराचं हँडल जड लागायला लागलं, तेव्हा दादाला सवड नव्हती. म्हणाला, "जरा बघ रे." धाकट्याने बघितलं. मिटल्या दारातच बघितलं. कुलूप बदललं, दहा मिनिटांत काम उरकलं आणि वहिनीला म्हणाला, "घ्या, नवं कोरं."

पाच आठवड्यांनी, एका शुक्रवारी रात्री, वहिनी लेकीला, छोटीला, घेऊन दुकानातून परत आली. आठ बावन्न. किल्ली फिरली, पण हँडल खाली येईना. आकडे अडकून बसलेले. दादा आत होता, हाक मारली तर उत्तर नाही. खिडक्यांना गज. शिंपी धावत आला, हातात इस्त्री घेऊन, काच फोडायला. वहिनीने धाकट्याला फोन लावला, आणि धाकटा काय म्हणाला असेल?

"फोडू नका, फोडू नका. पाच मिनिटांत येतो."

नऊ दहाला पोचला. काच फोडली, खालचं पॅनेल उचकटलं, आत शिरला. दादा दाराला टेकून बसलेला होता. एक हात छातीवर, अंगठीचा हात मागे, दाराशी. डॉक्टर म्हणाले, हृदय. बाकी काही म्हणाले नाहीत.

दोन दिवसांनी धाकट्यानेच त्या दाराला नवी काच बसवली, नवं पांढरं पॅनेल बसवलं, नवं कुलूप बसवलं. डोळे इतके सुजलेले की स्क्रूही दिसत नव्हते. आणि पुन्हा तीच घाई. बिजागरीला हात नाही.

आता ऐका. नोव्हेंबरातला शेवटचा गुरुवार. दादा जाऊन वीस दिवस झालेले. वहिनीचा फोन आला, "भावजी, दाराचं जरा बघाल का? सवडीने या, गडबड नाही."

सवडीने कसला येतो. रात्री सव्वाआठला दारात हजर, खांद्यावर हत्यारांची पिशवी.

"काय होतंय वहिनी?"

"रोज रात्री लॉक लावून झोपते. किल्ली उशीखाली घेऊन. सकाळी उठावं तर दार उघडं. सताड." वहिनी हळू बोलत होती, छोटीला ऐकू जाऊ नये म्हणून. "आणि हे आकडे बाहेर आलेले असतात. उघड्या दारात, हवेत."

"चोर असेल."

"चोर येऊन नुसतं दार उघडं ठेवून जातो का? कालपासून ही पण रात्री उठते. झोपेतच दाराशी जाऊन उभी राहते. भावजी, मला जायला दुसरं घर नाही. मला इथंच राहायचंय हिला घेऊन. पण मला झोप नाही हो आता."

धाकट्याने दार उघडं ठेवून हँडल उचललं. दोन बोटांनी वर गेलं. आकडे हवेत बाहेर आले.

मग दार मिटून उचललं. दोन्ही हात लावावे लागले.

तो तिथेच उभा राहिला. हवेत आकडे बाहेर कधी येतात? कोणीतरी उघड्या दारात हँडल उचललं तरच. घरातली माणसं असं कधी करत नाहीत. असं फक्त दार तपासणारा माणूस करतो. रोज रात्री कोणीतरी ते दार तपासत होतं. नीट, पहिल्या पायरीपासून. जे धाकट्याने केलं नव्हतं.

"काय झालं?" वहिनी म्हणाली.

"काही नाही. दार उतरलंय. माझ्याकडून राहिलं होतं."

"तेव्हाच?"

त्याने खालच्या बिजागरीवर बोट फिरवलं. वहिनीने पुन्हा विचारलं नाही. ती म्हणाली, "सकाळी करा. आता अंधारात नको."

"आत्ताच करतो. तुम्ही शिंपीकाकांकडे जाऊन बसा. काकू आहेत घरी."

छोटी जाताना म्हणाली, "काका, तू पण पडशील का दाराशी?"

"मी कशाला पडतो? माझं डोकं जड आहे, मी पडलो तर फरशी फुटेल."

छोटी हसली नाही.

आता घरात कोणी नाही. बाहेर गल्लीत एक दिवा, तोही कोपऱ्यावर. धाकट्याने पिशवी पायरीवर ठेवली, बिजागऱ्यांवरची झाकणं काढली, पाना हातात घेतला. दोन-अडीच फेऱ्या, एवढंच काम. पण हात गाडीच्या पुढे. म्हणाला, एकदा बाहेरून मिटून बघू, फट किती आहे. दार लोटलं. आणि सवयीने हँडल वर केलं.

आत काहीतरी कट्‌कन मोडलं.

हँडल खाली येईना. वर जाईना. किल्ली फिरत होती, नुसतीच. तेच. अगदी तेच.

त्याने घड्याळ बघितलं. आठ बावन्न.

आणि आतून आवाज आला.

ठक्.

खालून. फरशीपासून वीतभर वर. जोरात नाही. बसलेला माणूस हात मागे नेऊन बोटाने दाराला ठोकतो ना, तसा.

ठक्... ठक्.

घरात कोणी नव्हतं. त्याने स्वतः दोघींना पाठवलं होतं.

"दादा?"

ठक्.

शिंपी आवाज ऐकून बाहेर आला. गळ्यात माप घ्यायची टेप, तोंडात टाचण्या. "काय रे, ठोकतोस काय एव..." बोलता बोलता थांबला. टाचण्या तोंडातून पायरीवर पडल्या. एक, दोन, किती तरी.

"काका, तुम्हाला ऐकू येतंय?"



ठक्... ठक्...

"काका. असाच येत होता का?"

शिंप्याने दाराकडे बघितलं. मग मनगटावरच्या घड्याळाकडे. आणि त्याच्या तोंडून निघून गेलं. इतके दिवस दाताखाली धरलेलं.

"नऊ वाजून नऊ मिनिटांनी थांबला होता."

नऊ नऊ. धाकटा पोचला नऊ दहाला.

तो रडला नाही. तेवढा वेळ नव्हता. नऊ वाजले होते.

"काच फोडू?" शिंपी म्हणाला. "या वेळी फोडतो. कुणाचं ऐकत नाही."

"फोडून काय होणार? त्या दिवशी फोडलीच की. दार उघडायचंय मला. दार." त्याने पिशवी उलटी केली. लाकडी पाचर मिळाली, हातोडी मिळाली. "दार वर उचललं की आकडे मोकळे होतील. मी खालून पाचर ठोकतो. तुम्ही हँडल खाली दाबा. सोडायचं नाही."

"मी?"

"मग कोण?"

शिंप्याने हँडल धरलं. ते थंड होतं. आतल्या बाजूने कोणीतरी तेच हँडल धरलंय असं त्याला वाटलं... हे तो प्रत्येक वेळी सांगतो आणि सांगताना हात मांडीखाली घेतो.

धाकट्याने दाराच्या खालच्या कोपऱ्यात पाचर घातली. ठोकली. एक घाव. बाहेरून एक घाव, आतून एक ठक्. दुसरा घाव. दार केसभर वर गेलं.

"दाबा."

"येत नाही."

तिसरा घाव.

नऊ पाच.

आतला आवाज मंद झाला होता. दोन ठोक्यांमध्ये आता वेळ जात होता. मोजावा इतका.

ठक्...

...

...ठक्.

"दादा, थांब. आलोय. आलोय मी."

चौथा. पाचवा. पाचर चेपली. त्याने दुसरी घातली. हातोडी बोटावर बसली, त्याला कळलंही नाही.

नऊ सात.

...

"काका, दाबा."

"दाबतोय रे."

...

ठक्.

नऊ आठ.

धाकट्याने हातोडी टाकली. दोन्ही हातांची बोटं फटीत घातली, खांदा दाराला लावला आणि दार वर उचललं. अंगात होतं नव्हतं तेवढं. कुठेतरी लोखंड घसरलं.

हँडल खाली आलं.

ते दार बाहेर उघडणारं. शिंप्याने ओढलं नाही. ते आपोआप आलं. आतून कोणीतरी टेकलेलं असावं तसं, ओझ्याने आलं. धाकटा गुडघ्यावर बसला आणि त्याने हात पुढे केले.

काहीतरी त्याच्या हातात आलं.

शिंप्याने बघितलं. हात रिकामे होते. पण खाली झुकले होते, कोपरापर्यंत. झोपलेल्या माणसाचं डोकं आणि खांदे घेतल्यावर झुकतात तसे. धाकट्याने छातीशी धरलं. गल्लीत आवाज नाही. कोपऱ्यावरचा दिवा तसाच.

मग हळूहळू त्याचे हात वर आले. हलके झाले.

नऊ नऊ.

धाकटा चौकटीला धरून उठला.

शिंपी म्हणाला, "मी सांगणार होतो तुला. तीनदा सांगणार होतो. पण सांगायचं काय? की एका मिनिटाने..."

"टॉर्च धरा, काका."

शिंप्याने टॉर्च धरला. धाकट्याने कुलपाची मोडलेली पेटी काढून नवी बसवली, खालची बिजागरी अडीच फेऱ्या, मधली दोन, वरची दीड. हात आता गाडीच्या पुढे धावत नव्हता. दार उघडं ठेवून हँडल उचललं. दोन बोटांनी वर गेलं. मग मिटून उचललं.

दोन बोटांनी वर गेलं.

पुन्हा मिटलं, उघडलं, उचललं. दहा वेळा. शिंप्याचा टॉर्चचा हात भरून आला. तो दुसऱ्या हातात घेताना उजेड खाली गेला, दाराच्या आतल्या बाजूला, खालच्या पॅनेलवर.

ते पॅनेल नवं होतं. अठरा दिवसांपूर्वी धाकट्यानेच बसवलेलं. त्यावरची चिकट फिल्म त्याने स्वतःच्या नखांनी सोलली होती, तेव्हा एक ओरखडा नव्हता त्यावर.

फरशीपासून वीतभर वर, एकाच जागी, बारीक खळ्या पडलेल्या होत्या. जवळजवळ. एकात एक. बोटातल्या अंगठीने पडाव्यात तशा.

शिंपी मोजायला लागला. धाकट्याने टॉर्चवर हात ठेवला.

"मोजू नका."

मग तो गाडीपर्यंत गेला आणि अ‍ॅल्युमिनियमची पट्टी घेऊन आला. दाराच्या रुंदीची, हातभर उंच. दारांना पाय लागून खराब होऊ नये म्हणून खाली लावतात ती. खळ्यांवर धरली. सरळ आहे का बघितलं. आठ स्क्रू लावले, एकेक करून, घाई न करता, आणि शेवटी सगळे पुन्हा एकदा आवळले.

वहिनी आली तेव्हा साडेदहा झाले होते. छोटी खांद्यावर झोपलेली. वहिनीने हँडल उचलून बघितलं आणि चमकून त्याच्याकडे पाहिलं, इतकं ते हलकं झालं होतं. मग तिची नजर खाली गेली.

"ही पट्टी कशाला?"

"पोरं लाथा मारतात दाराला," धाकटा म्हणाला. "म्हणून लावली."

वहिनीने त्याच्याकडे बघितलं. शिंप्याकडे बघितलं. शिंपी पायरीवरच्या टाचण्या वेचत होता.

"आवाज येत होता का भावजी? मघाशी? काकू म्हणत होत्या..."

"माझाच," तो म्हणाला. "हातोडीचा."

आणि झोपलेल्या छोटीला वहिनीच्या खांद्यावरून अलगद घेऊन तो आत गेला, तिला अंथरुणावर ठेवलं, पांघरूण नीट केलं. मग बाहेर येऊन वहिनीच्या हातात किल्ली दिली, आणि ती आतून लॉक लावेपर्यंत पायरीवर उभा राहिला.