सैल तारा

नाशिकच्या द्वारका चौकात पिंपळगावच्या बसची वाट बघत हर्षाली उभी होती. मावसभावाने दिलेली जुनी गिटार तिने कठड्याला टेकवून ठेवली होती... भर उन्हात.

"अहो, ती सावलीत घ्या. डिंक सुटेल तिचा."

तिने वळून पाहिलं. काटकुळा, सावळा, पाठीला स्वतःची गिटार.

"तुम्हाला फार माहिती?"

"कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला आहे. द्राक्षं काय नि गिटार काय, ऊन कुणालाच सोसत नाही."

हर्षालीला हसू आवरलं नाही. ती द्राक्षं भरायला जायची त्या पॅकहाऊसच्याच मागे त्याचं कोल्ड स्टोरेज निघालं, तेव्हा तर बस कधी पोहोचली हेही दोघांना कळलं नाही.

मनोज सुरगाण्याकडचा. जेवणाच्या सुट्टीत रिकाम्या क्रेटवर बसून तो तिला शिकवू लागला आणि अहो-जाहो बघता बघता गळून पडलं.

"वाजवून झालं की तारा पूस, घामाने गंजतात. आणि महिनोन्‌महिने वाजवायची नसेल तर सैल करून ठेव, नाहीतर मान वाकते."

"आणि आठवडाभरासाठी?"

"तेवढ्यासाठी कशाला? असू दे तशीच."

"बोटं लय दुखतात रे."

"दाखव." त्याने तिची बोटं हातात घेतली, आणि बघायला लागतो त्यापेक्षा जरा जास्तच वेळ धरून ठेवली. "घट्टे पडले की थांबेल."

"मग हात धरायला काय कारण काढशील?"

मनोज कानापर्यंत लाजला. पुढे घट्टे पडले, दुखणं थांबलं; हात धरणं काही थांबलं नाही.

हंगाम संपत आला. "तू फक्त एकदा घरी ये," हर्षाली म्हणाली. "अण्णा आधी चिडतील, मग ऐकतील. मी बघते."

मनोजने आपली गिटार तिच्या हाती दिली. "बाबांना बरं नाही, गावी जाऊन येतो. आठ दिवसांत आलो की आधी तुमच्याकडे... तोवर ही सांभाळ."

ती तरंगतच घरी आली. सहज बॅगेची चेन उघडून तारांवरून बोट फिरवलं, तर सूरच नाही. सहाही तारा सैल होत्या. त्याला खोटं बोलता आलं. गिटारची मान वाकू देणं मात्र जमलं नव्हतं.

तिने फोन लावला. "तारा सैल का केल्यास, मनोज?"



"बाबा अंथरुणाला खिळलेत," गाडीच्या आवाजातून तो म्हणाला. "मामाच्या मुलीशी ठरवलंय घरच्यांनी. माझ्याने नाही म्हणवलं नाही."

"मग आठ दिवस कशाला म्हणालास?"

"तुझ्या तोंडाकडे बघून दुसरं काही बोलवेना... हर्षा, माझं तुझ्यावर—"

"नको," ती म्हणाली. "आता नको सांगू."

फोन ठेवल्यावर तिला राग यायला हवा होता. आलं ते नुसतं प्रेमच, आणि ते ठेवायला आता जागा नव्हती. तिने गिटार मांडीवर घेतली, त्याने शिकवलं होतं तसं हळूहळू एकेक तार पिळत सुरात आणली, आणि वाजवायला बसली. डोळे वाहत होते.

आई दारात येऊन थबकली. "काय गं, रडतेस?"

"बोटं दुखतायत."

आईने वाटीत तेल कोमट करून आणलं. हर्षालीने ती घट्टे पडलेली बोटं मुकाट्याने पुढे केली.